काळा ट्रफल पेरिगॉरचा की चिनी? रासायनिक तपासणीत जात नक्की कळते का?

वेंगुर्लेकर_लियों

नमस्कार मंडळी. मी मूळचा वेंगुर्ल्याचा, गेली सहा वर्षं फ्रान्समध्ये लियोंला एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये कामाला आहे. प्रश्न थोडा आडवाटेचा आहे, पण इथे रसायनवाले आणि वनस्पतीशास्त्रवाले बरेच आहेत म्हणून विचारतो.

हिवाळा लागला की आमच्याकडे काळे ट्रफल येतात. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी: ट्रफल म्हणजे जमिनीखाली वाढणारी अळंबीच, ओक नाहीतर हेझलच्या मुळांना धरून वाढते. आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिला तिरफळच ऐकू आलं. वाळलेलं तिरफळ लिंबाएवढं मोठं केलं तर कातडी साधारण तशीच, काळी आणि खरखरीत. वास मात्र एकदम वेगळा. ओली माती, उकडलेल्या मक्याची वाफ आणि मागून हिंगाच्या डबीची जरा चाहूल.

गेल्या शुक्रवारी ४०० ग्रॅम माल आला, नऊ नग. बिलावर लॅटिन नाव होतं, ट्यूबर मेलानोस्पोरम, म्हणजे अस्सल पेरिगॉरचा (फ्रान्समधल्या भागाचं नाव) काळा ट्रफल. माल उतरवून घेणं, मऊ ब्रशने थंड पाण्याखाली माती काढणं, पुसून वजन करणं हे काम माझं. मग आम्ही ते अंड्यांबरोबर बंद डब्यात रात्रभर ठेवतो, अंड्याच्या कवचातून वास आत उतरतो. शनिवारी सकाळी अंडी फोडून ऑम्लेट केलं तर वास अगदी बेताचा. एकेक नग नाकाशी धरला. सहा चांगले, दोन बरे, आणि एक, ज्याला मी ५ नंबर दिलाय, तो पूर्ण मुका. कापला तर आतला गर जांभळट काळा नाही, करडा तपकिरी. पांढऱ्या शिरा होत्या.

शेफचं म्हणणं, चिनी ट्रफल मिसळलेत. हा माणूस आम्हाला आठ वर्षं माल देतोय. शेफ सोमवारी त्याचं खातं बंद करणार म्हणतात. माल मी उतरवून घेतला, सही माझी आहे, त्यामुळे मलाही रात्री झोप नाही. माणूस फसवणारा असेल तर जाऊ दे, पण नसेल तर?

कुठेतरी वाचलं की रासायनिक घटकांवरून ट्रफलच्या जवळजवळच्या जाती वेगळ्या ओळखता येतात. हे खरं आहे का? नक्की काय मोजतात? वास मोजता येतो का? आणि किती माल द्यावा लागतो? दर ग्रॅममागे पैसे जातात, म्हणून हेही विचारतो.

खवय्या_ठाणे

यात लॅब कशाला हवी दादा? चिनी ट्रफलला वास नसतो, रबर चावल्यासारखा लागतो. तुमच्या ५ नंबरला वास नाही म्हणजे तो चिनी. आपल्याकडे हापूसच्या पेटीत वरचा थर देवगडचा आणि खाली कर्नाटकचा, तसंच हे. सरळ परत पाठवा आणि पैसे मागा.

अनुरेणू

ठाण्याच्या दादांचा सल्ला मनापासून आलाय, पण मला तो पटत नाही, आणि एका माणसाच्या पोटावर पाय येण्याचा प्रश्न आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी उत्तर जर्मनीत अन्नतपासणीच्या एका प्रयोगशाळेत काम करते. नोव्हेंबर ते मार्च आमच्या फ्रीझरचा एक कप्पा ट्रफलचाच असतो.

हापूसचं उदाहरण निघालंच आहे तर तेच पुढे नेते. देवगडचा की कर्नाटकचा, हा प्रश्न जागेचा आहे, जात दोन्हीकडे हापूसच. हापूस की तोतापुरी, हा प्रश्न जातीचा. आणि तयार झालाय की कच्चा आहे, हा तिसराच प्रश्न. अढीत घातलेल्या कच्च्या हापूसला वास नसतो म्हणून तो तोतापुरी होत नाही. ट्रफलचंही तसंच आहे. फक्त इथे तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच रसायनात कालवलेली असतात आणि ती वेगळी काढणं हेच आमचं काम.

आधी वासाबद्दल. वास मोजता येतो, आणि छान मोजता येतो. ट्रफलचा तुकडा काचेच्या छोट्या बाटलीत घालून रबरी बूच लावतात, थोडी ऊब देतात. बुचातून एक सुई आत जाते, सुईच्या पोटात केसासारखा बारीक, लेप दिलेला धागा असतो. तो बाटलीतल्या हवेत पंधरावीस मिनिटं ठेवला की वासाचे रेणू त्यावर बसतात. मग तो धागा जीसी-एमएस यंत्रात तापवायचा. रेणू सुटतात, तीसेक मीटर लांबीच्या बारीक नळीतून एकामागून एक बाहेर पडतात आणि प्रत्येकाचं वजन व तुकडे पाहून त्याचं नाव लावता येतं. मेलानोस्पोरममध्ये डायमिथाइल सल्फाइड ठळक दिसतं, तुम्ही लिहिलेली उकडलेल्या मक्याची वाफ ती हीच. सोबत २-मिथाइलब्युटेनाल आणि ३-मिथाइलब्युटेनाल. हिंगाची चाहूल लागली ते नाक बरोबर आहे, दोन्हीकडे गंधकाची संयुगंच वास देतात. डुकरिणी ट्रफल कशामुळे हुडकतात यावरही मोठा वाद झाला होता. १९८१ साली ट्रफलमध्ये अँड्रोस्टेनॉल सापडलं, जे रानडुकराच्या नराच्या लाळेतही असतं, आणि सगळ्यांना वाटलं कोडं सुटलं. १९९० साली फ्रान्समध्ये ही द्रव्यं मातीत पुरून पाहिली, तेव्हा डुकरीण आणि कुत्रे डायमिथाइल सल्फाइड शोधत गेले, अँड्रोस्टेनॉलकडे फिरकलेही नाहीत.

चिनी ट्रफल, म्हणजे ट्यूबर इंडिकम, मेलानोस्पोरमचा अगदी जवळचा नातेवाईक. रेणूंची यादी बरीचशी तीच, फरक प्रमाणात आहे. इंडिकममध्ये १-ऑक्टेन-३-ऑल खूप जास्त दिसतं. साध्या बटण मशरूमचा जो वास असतो ना, तो या रेणूचा. मग हाच निकष का धरू नये? कारण हा रेणू लिनोलेइक आम्लापासून बनतो आणि ऊती दुखावली, कापली, शिळी झाली की वाढतो. चांगला मेलानोस्पोरम चार दिवस उबेत राहिला तर तोही त्या दिशेला सरकतो. शिवाय सगळा वास ट्रफल स्वतः करतही नाही. ट्यूबर बोर्की नावाचा पांढरट ट्रफल आहे, इटलीतल्या आल्बा गावाच्या महागड्या पांढऱ्या ट्रफलच्या नावाखाली तो खपवला जाण्याची भीती असते. त्याच्या वासातली थायोफिन संयुगं त्याच्या आत राहणारे जीवाणू तयार करतात, हे २०१५ साली दाखवलं गेलंय. आणि नाकाला फसवणं तर फारच सोपं. आल्बाच्या ट्रफलचा मुख्य रेणू, बिस मिथाइलथायो मिथेन, १९६७ मध्येच ओळखला गेला. तो कारखान्यात स्वस्तात बनतो, बाजारातलं बहुतेक ट्रफल तेल त्याच्यावरच चालतं. बिनवासाच्या ट्रफलला बाहेरून वास लावणंही अवघड नाही. एवढंही कशाला, नऊ नग एका डब्यात रात्रभर ठेवलेत ना? अंड्यात वास उतरतो तसा शेजारच्या ट्रफलमध्येही उतरतो.

म्हणून जातीसाठी आम्ही न उडणाऱ्या घटकांकडे जातो: मेदद्रव्यं, प्रथिनं, कर्बोदकं. ताज्या ट्रफलमध्ये सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असतं आणि ते मोजमापात फार आडवं येतं, म्हणून आधी तुकडा गोठवून निर्वातात सुकवायचा. मग दळायचा. ही पूड हातात घेतली तर कोकोसारखी दिसते, बोटांना किंचित तेलकट लागते. ती यंत्राच्या खिडकीवर ठेवून निअर-इन्फ्रारेड, म्हणजे दिसणाऱ्या प्रकाशाला लागून असलेल्या अवरक्त प्रकाशाखाली धरायची. मेदातले, प्रथिनातले, साखरेतले रासायनिक बंध आपापल्या परीने तो प्रकाश शोषतात आणि एक वळणावळणाची रेघ मिळते. डोळ्यांना सगळ्या रेघा सारख्याच वाटतात. गणिताला बारीक फरक दिसतात. हॅम्बुर्ग विद्यापीठातल्या अन्नरसायनज्ञांनी याच वाटेने मेलानोस्पोरम आणि इंडिकम, तसंच आल्बाचा पांढरा आणि बोर्की वेगळे करून दाखवलेत. मास स्पेक्ट्रोमीटरने मेदद्रव्यांची सगळी यादी काढूनही ते होतं. खनिजंही मोजतात, पण माझ्या मते पोटॅशियम, स्ट्रॉन्शियम वगैरे मातीची गोष्ट जास्त सांगतात, जातीची कमी. म्हणजे देवगडच्या प्रश्नाला उपयोगी, तोतापुरीच्या प्रश्नाला नाही.

आता माझी स्वतःची एक चूक सांगते, कारण तुमच्या शेफना सांगायला ती उपयोगी पडेल. पहिल्या हिवाळ्यात मी गणिती प्रारूप, म्हणजे या रेघांवरून जात ओळखणारं मॉडेल, तयार केलं. आलेखावर एका बाजूला मेलानोस्पोरमचा ढीग, दुसऱ्या बाजूला इंडिकमचा, मध्ये कोरी जागा, एकही नमुना चुकीच्या बाजूला नाही. मी आनंदाने सगळ्यांना दाखवत फिरले. आमच्या ज्येष्ठ सहकारी बाईंनी एकच प्रश्न विचारला, "हे सगळे इंडिकम गोठलेले आले होते ना?" हो, आले होते. आणि मेलानोस्पोरम सगळे ताजे. त्यांनी दोन मेलानोस्पोरम आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवायला लावले. ते मग सुकवून, दळून, मोजून पाहिले, तर दोन्ही थेट इंडिकमच्या ढिगात जाऊन बसले. माझ्या प्रारूपाने जात शिकलीच नव्हती, ताजं आणि गोठलेलं एवढंच शिकलं होतं. त्यानंतर पुढचा अख्खा मोसम आम्ही दोन्ही जाती ताज्या, गोठलेल्या, कच्च्या, तयार, वेगवेगळ्या गावच्या, अशा जमवण्यात घालवला.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: होय, रासायनिक तपासणीने जात कळते, पण ज्या प्रयोगशाळेने दोन्ही जातींचे भरपूर आणि सरमिसळ नमुने आधी मोजलेत तिथेच. रोज पोतीच्या पोती माल तपासायचा असेल तर ही पद्धत उत्तम, नमुना सुकला की मोजायला काही मिनिटंच लागतात. तुमचा मात्र एकच नग आहे आणि त्यावर एका माणसाचं नाव ठरणार आहे. अशा वेळी मी डीएनए तपासणी सांगेन, तिला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा पुरतो. तोपर्यंत ५ नंबरचा उरलेला भाग कागदात, मग पिशवीत घालून गोठवा, वर तारीख आणि वजन लिहा. आणि सोमवारी खातं बंद करू नका, एवढं शेफना माझ्यातर्फे सांगा.

वेंगुर्लेकर_लियों

ताई, तुम्ही एवढा वेळ काढलात, मनापासून आभार. अढीतला कच्चा हापूस हे शेफना फ्रेंचमध्ये कसं सांगायचं कळेना, मग कच्च्या पेअरचं उदाहरण दिलं. ते थोडे थंडावलेत. सोमवार गुरुवारवर गेला.

तुमचं वाचून एक शंका आली. ज्या सहा नगांना चांगला वास आहे त्यांच्याबद्दल मी निर्धास्त होतो. पण तेही त्याच डब्यात होते. त्यातला ८ नंबर बाकीच्यांपेक्षा गुळगुळीत आहे, कातडीवरचे खडे चपटे आहेत. आता त्याच्याकडेही संशयाने पाहतोय. डीएनएचा निकाल येईपर्यंत इथे बसून काही पाहता येईल का?

कवकवेडा

येईल की. मी पुण्यात एका कॉलेजात तीस वर्षं वनस्पतीशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. अनुरेणू ताईंनी रसायनाची बाजू फार छान मांडली. मला बीजाणूंची बाजू मांडू द्या, ते जुनं आणि अजून खणखणीत साधन आहे.

तांदळाच्या कणीएवढा गर काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवायचा, वर पातळ काच ठेवून बोटाने हलकेच दाबायचं. ४०० पट मोठं करून बघा, जमलं तर तेलातल्या भिंगाने १००० पट. पारदर्शक गोल पिशव्या दिसतील, प्रत्येकीत एक ते पाचसहा तपकिरी, लंबगोल बीजाणू. मेलानोस्पोरमच्या बीजाणूवर आखूड, सुटे सुटे काटे असतात, फणसाची कुयरी डोळ्यांसमोर आणा. इंडिकममध्ये काटे जरा मोठे आणि बुडाशी एकमेकांना जोडलेले, कुठे कुठे अर्धवट जाळी झालेली. ट्यूबर एस्टिवम म्हणजे उन्हाळी ट्रफल असेल तर मधाच्या पोळ्यासारखी स्पष्ट जाळी दिसते, तिथे शंकेला जागाच नाही. शिजवून डबाबंद केलेल्या मालातही हे बीजाणू शाबूत राहतात, जिथे वास बदललेला असतो आणि डीएनएचेही तुकडे झालेले असतात. म्हणून कोवळ्या संशोधकांना मी सांगत असे, आधी भिंगाखाली बघा, मग यंत्राकडे जा.

एक गोष्ट आपल्या लोकांना ठाऊक असावी असं फार वाटतं. ज्याला आज सगळे चिनी ट्रफल म्हणतात त्याचं शास्त्रीय नाव इंडिकम आहे, ते उगाच नाही. १८९२ साली कुक आणि मॅसी या इंग्रज कवकतज्ज्ञांनी या जातीचं पहिलं वर्णन लिहिलं ते मसुरीला सापडलेल्या नमुन्यावरून. चीनमधून, मुख्यतः युन्नान आणि सिचुआनमधून, युरोपात माल जायला लागला तो शंभर वर्षांनी, १९९० च्या दशकात. मी मसुरीला विद्यार्थ्यांना घेऊन दोनदा गेलो आहे. बांज ओकाच्या बुंध्याशी पालापाचोळा हाताने बाजूला करून पाहायचा, खालची माती काळी, भुसभुशीत, हाताला गार. ट्रफल मिळाला नाही, पण त्या मातीचा वास अजून आठवतो.

मधल्या काळात हिमालयेन्स, सायनेन्स, स्यूडोहिमालयेन्स अशी आणखी नावं दिली गेली. काही एकाच जातीची निघाली. पण डीएनए पाहिल्यावर इंडिकमच्या नावाखाली किमान दोन वेगळे गट आहेत हेही स्पष्ट झालं. अनुरेणू ताई, तुमच्या प्रारूपात हे दोन्ही गट आहेत का, हे विचारायचं होतं. एकच गट शिकवला असेल तर दुसरा आला की यंत्र काय म्हणेल?

जाता जाता: झारखंडचा रुगडा आणि बस्तरचा बोडा यांना बातम्यांत सर्रास देशी ट्रफल म्हणतात. चवीला उत्तम, सालाच्या झाडाखाली जमिनीत होतो हेही खरं, पण ट्रफलशी नातं नाही. तो एस्ट्रियस, वेगळ्याच मोठ्या गटातला.

आणि वेंगुर्लेकर, तुम्ही फ्रान्समध्ये आहात म्हणून सांगतो. तिथे औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टना अळंबी ओळखायचं शिक्षण असतं, लोक रानातली अळंबी टोपलीत घालून त्यांना दाखवायला नेतात. एखाद्या जुन्या दुकानात सूक्ष्मदर्शक नक्की मिळेल. विचारून पाहा.

मंजिमपची_माती

मी पश्चिम ऑस्ट्रेलियात मंजिमपजवळ राहते, मूळ गाव कराड. इथे मेलानोस्पोरमच्या बागा आहेत, ऑस्ट्रेलियात पहिला ट्रफल १९९९ साली टास्मानियात निघाला आणि आमच्याकडे २००३ मध्ये. आमचा मोसम उलटा, जून ते ऑगस्ट. तीन मोसम मी कुत्र्यामागून जाऊन खणायचं काम केलंय, म्हणून ५ नंबरबद्दल बोलते.

आमच्या बागांत मेलानोस्पोरमच लावलेला आहे, चिनी मालाचा प्रश्नच येत नाही, तरी दरवर्षी जूनच्या सुरुवातीला मुके ट्रफल निघतात. कुत्रा पंजा ठेवतो. आम्ही गुडघ्यावर बसून वरची माती सुपारीएवढी बाजूला करतो आणि नाक मातीला लावतो. मातीलाच वास येत असेल तर काढायचा. नसेल तर माती परत झाकून खूण करून ठेवायची, आठदहा दिवसांनी परत यायचं. एकदा जागेवरून हलला की तो पुढे तयार होत नाही, आंब्यासारखा अढीत पिकत नाही. नवीन मुलं घाई करतात आणि उपटून काढतात. असा ट्रफल कापला की तुम्ही लिहिलंय तसाच करडा तपकिरी निघतो, कुठलाही वास नसतो.

तुमच्याकडे डिसेंबरचा पहिला आठवडा म्हणजे आमचा जूनचा पहिला आठवडा. मला तर तो नुसता लवकर काढलेला वाटतो. चिनी ट्रफलची बदनामीही काही अंशी याचमुळे आहे, तिकडे पुष्कळ माल कुत्र्याशिवाय, दाताळ्याने माती ओढून काढत आलेत. कच्चा आणि तयार एकत्रच येणार.

अनुरेणू

कवकवेडा सर, प्रश्न अगदी मर्मावरचा आहे. आमच्याकडे दोन्ही गटांचे नमुने आहेत, कारण त्यांचं डीएनए आम्ही आधी करून घेतलं आणि मगच यंत्राला दाखवलं. ज्या जातीची ओळखच करून दिली नाही, ती समोर आली तर प्रारूप गप्प बसत नाही, ओळखीच्यांपैकी जवळच्या कुणाचं तरी नाव सांगून मोकळं होतं. म्हणून आम्ही प्रत्येक निकालाबरोबर नमुना ओळखीच्या ढिगापासून किती दूर पडला तेही लिहितो. दूर पडला तर नाव न देता सूक्ष्मदर्शक आणि डीएनएकडे पाठवतो.

मंजिमपच्या ताईंचं वाचून एक महत्त्वाची भर. कच्च्या ट्रफलची रासायनिक रेघही तयार ट्रफलपेक्षा वेगळी येते, बीजाणू काळे पडताना बरंच काही बदलतं. आम्हाला कच्चे मेलानोस्पोरम मिळायला सगळ्यात त्रास होतो, कारण ते कोणी विकत नाही. तुमच्यासारख्या बागेतून ते मिळाले तर प्रारूपाला फार मोठी मदत होईल.

जात ओळखणं फक्त हॉटेलच्या बिलापुरतं नाही, हेही सांगायला हवं. २००८ साली इटलीत तोरिनोजवळच्या एका ट्रफलबागेत मुळांवर इंडिकम सापडला. झाडं मेलानोस्पोरमची म्हणून लावली होती. बागायतदार दहादहा वर्षं वाट पाहतो आणि मग मातीत भलतंच रुजलेलं निघतं. मुळांवर ट्रफलचा वास नसतो, गर नसतो, तिथे डीएनएशिवाय काही चालत नाही.

वेंगुर्लेकर, ८ नंबरसाठीही गर थोडा गोठवा. कातडीवरच्या खड्यांवरून मी तरी हो किंवा नाही म्हणणार नाही.

वेंगुर्लेकर_लियों

आज सुट्टी होती. सरांनी सांगितल्याप्रमाणे आमच्या गल्लीच्या टोकाला जुनं औषधांचं दुकान आहे तिथे गेलो. मालकीणबाई साठीच्या असतील. दोन्ही नगांचे तुकडे बटर पेपरमध्ये नेले होते. त्यांनी मागच्या खोलीत नेलं, कपाटातून सूक्ष्मदर्शक काढला, भिंग रुमालाने पुसलं आणि काचपट्टी मलाच तयार करायला लावली.

५ नंबर. पुष्कळशा पिशव्या रिकाम्याच, आत नुसतं धुकं. बऱ्याच वेळाने एक पिशवी सापडली, तिच्यात तीन बीजाणू, फिकट तपकिरी, आणि अंगावर बारीक सुटे काटे. सर, खरोखर कुयरी! मी एवढ्या जोरात मराठीत ओरडलो की बाई हसल्या. त्यांनी वीसेक बीजाणू पाहिले, बुडाशी जोडलेला काटा एकही दिसला नाही. त्यांच्या मते मेलानोस्पोरम, आणि नक्की कच्चा.

८ नंबरला बीजाणू भरपूर, काळेभोर. काही ठिकाणी काटे सुटे, काही ठिकाणी बुडाशी एकत्र आल्यासारखे. बाईंनी पंधरा मिनिटं पाहिलं, मला दाखवलं, पुस्तक काढून चित्रं ताडून पाहिली आणि म्हणाल्या, यावर मी सही करणार नाही. ज्याला उत्तम वास होता तो हा. शनिवारी मी तोच ग्राहकाच्या पानात किसला होता.

दोन्हींचे तुकडे डीएनएसाठी आज पोस्टाने गेले. शेफनी पुरवठादाराला फोन करून, आवाज न चढवता, हा माल कोणाकोणाकडून जमवला ते विचारलं. तीन खणणाऱ्यांचा होता, त्यातला एक यंदा नवीन आहे. खातं चालू आहे. मी उद्यापासून प्रत्येक नगाला आल्या आल्या नखाएवढी खाच पाडून गराचा रंग, वजन आणि वास वहीत लिहिणार आहे, आणि निकाल येईपर्यंत एका डब्यात एकच नग ठेवणार आहे.

अनुरेणू ताई, ५ नंबरचा १२ ग्रॅम तुकडा उरलाय, फ्रीझरमध्ये चिठ्ठी लावून ठेवलाय. तुम्हाला कच्चे मिळत नाहीत म्हणालात. डीएनएचा निकाल मेलानोस्पोरम आला तर हा तुमच्या प्रयोगशाळेला द्यायचा आहे, शेफची परवानगी घेतली आहे. गोठलेला पाठवायचा तर डबा कसा भरायचा तेवढं सांगा.